आप्पांची साखर

आप्पांना साखर झाली, असं आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी एका कागदी पट्टीवरून ठरवलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरातला भात बंद झाला. म्हणजे बंद आप्पांचा झाला होता. पण ज्या घरात बाप नाचणीची भाकरी चघळत बसलाय तिथे बाकीच्यांनी वाफाळता भात कसा ओरपायचा, म्हणून आईनं सगळ्यांचाच बंद केला. कोकणातल्या माणसाचा भात काढून घेणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याला मी समजावून सांगणार नाही. डॉक्टरांचा दवाखाना तुळिंजच्या बाजारात, एका बाजूला चपलांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला केबलवाल्याचं ऑफिस. त्यांनी आप्पांना बाटलीत लघवी आणायला सांगितली, पट्टी बुडवली, पट्टीचा रंग बदलला, आणि "साखर आहे, गोड बंद" एवढ्या चार शब्दांत माणसाची विल्हेवाट लावून पुढच्या पेशंटला हाक मारली. रक्त तपासून घ्या, असं म्हणायला पाचवा शब्द लागला असता, तेवढा वेळ त्यांच्यापाशी नव्हता. मी पुढे पंचवीसेक वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आणि अजूनही कुणी नुसत्या लघवीवरून माणसाला मधुमेही ठरवलं की माझं डोकं फिरतं.

साखर झाली म्हटल्यावर बिल्डिंगमधले सगळेच वैद्य झाले. तळमजल्यावरच्या काकूंनी जांभळाच्या बियांची पूड दिली. समोरच्या बिऱ्हाडातून मेथ्या भिजवलेलं पाणी रोज सकाळी स्टीलच्या पेल्यात यायचं, वर झाकण. विरारला फुलपाड्यात राहणारी माझी आत्या दर रविवारी पिशवीभर कारली घेऊन यायची आणि स्वतः समोर मांडी घालून बसून आप्पांना रस प्यायला लावायची. आप्पा प्यायचे. ते कुणालाच नाही म्हणत नसत, हा त्यांचा खरा रोग होता आणि त्याच्यावर कुणी पूड आणली नाही. आमची एकच खोली, तिलाच लागून ओटा. त्या ओट्यावर आता मसाल्याच्या डब्यापेक्षा चूर्णांच्या बाटल्या जास्त झाल्या. सकाळी मिक्सरमध्ये कारली फिरायची तो घर्रर्र आवाज, खालून पाव विकणाऱ्याच्या सायकलची घंटी आणि न्हाणीघरात आप्पांचा खोकला, या तीन आवाजांनी मला तेव्हा जाग येत असे.

एवढं करून आप्पा वाळतच चालले होते. रात्रीत चार-चारदा उठायचे. कंबर धरून बसायचे. आई म्हणायची, "साखरेनं माणूस असाच सुकतो." तिला तरी काय दोष द्यायचा? डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दर महिन्याला पट्टीवर साखर दिसायची आणि दर महिन्याला डॉक्टर म्हणायचे, "पथ्य पाळत नाही हे, चोरून खातात." आप्पा चोरून खातात! ज्या माणसानं दुसऱ्याच्या ताटातला पापड कधी विचारल्याशिवाय मोडला नाही, त्याच्यावर आई शेवटी खिसे तपासण्याइतपत नजर ठेवायला लागली. आप्पा ती झडतीही देत. दोन्ही हात वर करून उभे राहत.

आता आप्पा काय करायचे ते सांगायला हवं. ते झाळकाम करायचे. वसईला पूर्वेच्या बाजूला कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा आहेत, त्यातल्या एका गाळ्यात थंडाव्याच्या यंत्रांना लागणाऱ्या तांब्याच्या नळ्या जोडायचं काम चालायचं. एका हातात गॅसची ज्योत, दुसऱ्या हातात चांदीची काडी. चांदीची म्हणायची, पण चांदी तिच्यात असायची निम्म्याहून कमी. ज्योतीनं नळी लाल करायची, काडी टेकवायची, की ती विरघळून सांध्यातून गोल धावत जायची. आप्पांच्या हाताखालून गेलेला सांधा गळत नसे. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्त होता. काडी विरघळताना पिवळट तपकिरी धूर निघायचा. वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून शटर अर्धं खाली आणि पंखा बंद. तोंडावर मास्क म्हणून रुमाल, तोही घाम पुसायला लागला की गळ्यात.

गाळा दळवीशेठचा. हा दळवी आमच्याच गावचा, लांज्याच्या बाजूचा, आप्पांबरोबर शाळेत होता. आधी तोही झाळकामच करायचा, मग त्यानं गाळा घेतला आणि लोक त्याला शेठ म्हणायला लागले. त्यालाही ते बरं वाटायला लागलं. गळ्यात साखळी, कपाळाला गंध, आणि बोलण्यात सतत "आपली माणसं, आपली माणसं". आपल्या माणसांची काळजी म्हणून तो रोज दुपारी प्रत्येकाला गुळाचा खडा आणि एक केळं द्यायचा. "गूळ धूर कापतो," असं तो सांगायचा. कापलेला धूर कुठे जातो ते सांगायचा नाही. पुढे आप्पांना साखर आहे म्हटल्यावर त्यानं त्यांचा गूळ तेवढा बंद केला आणि त्याचंही श्रेय घेतलं. "गणपतच्या तब्येतीकडे माझं लक्ष आहे, वहिनी," असं आईला सांगून गेला. आई भारावली. मला तेव्हाही तो माणूस आवडत नव्हता. पण खरं सांगायचं तर त्यामागे माझी काही दूरदृष्टी नव्हती. तो मला "काय गो, कॉलेजकुमारी" म्हणायचा, एवढंच कारण पुरेसं होतं.

आणखी एक गोष्ट त्या काळात आमच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणाला दिसली नाही. आप्पांना वास येत नसे. आई त्याचं फार कौतुक करायची. तिला ते वास न येणं वाटतच नव्हतं. तिला वाटायचं, नवरा देवमाणूस आहे, जेवणाला नाव ठेवत नाही. एकदा मांदेली उतरली होती. आम्हा दोघींना पहिल्या घासाला कळलं, आप्पांनी मात्र अख्खी वाटी संपवून वर "छान झालीत" म्हटलं आणि मग दोन दिवस आडवे झाले. एकदा आई पाण्याला खाली गेली होती, शेगडीवर दूध होतं. ते उतू गेलं, आटलं, करपलं, पातेलं काळं झालं, सगळा जिना त्या वासानं भरला आणि हाताच्या अंतरावर आप्पा पेपर वाचत बसले होते. आई त्यांच्यावर ओरडली, ते ओशाळून हसले. हसले तेव्हा त्यांच्या दातांच्या मुळाशी पिवळी रेघ दिसली. ती पानतंबाखूची असं आम्ही धरून चाललो होतो. आप्पा तंबाखू खात नसत. हे लिहिताना मला माझाच राग येतो. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. करत होते मी, वर्गात पहिली-दुसरी यायचे, आणि घरात तंबाखू न खाणाऱ्या माणसाच्या दातांना तंबाखूची रेघ कशी, हा प्रश्न मला पडला नाही.

प्रश्न पडला तो एका पुठ्ठ्याच्या खोक्यामुळे. गाळ्यात काड्यांची खोकी रिकामी झाली की आप्पा ती घरी आणायचे. लांबट, मजबूत खोकी, आई त्यात उदबत्त्या आणि मेणबत्त्या ठेवायची. वीज गेली म्हणून मेणबत्ती काढताना मी झाकणावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. चांदी, तांबं, जस्त, कॅडमियम. प्रत्येकापुढे टक्का. आम्हाला कॅडमियम होतं ते परीक्षानळीत: हायड्रोजन सल्फाइड सोडला की सुरेख पिवळा साका, ओळखलात की पूर्ण मार्क. दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रयोगशाळेच्या कामत मॅडमना सहज विचारलं की कॅडमियम तापवलं तर काय होतं. त्यांनी ब्युरेट धुता धुता विचारलं, "कोण तापवतंय?" मी सांगितलं. मग वास, दात, कंबर, साखर, सगळं सांगितलं. त्यांनी ब्युरेट ठेवून दिली.

"रक्तातली साखर किती आहे?"

"रक्त नाही तपासलं."

"कधीच?"

"कधीच."

त्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की आठवलं तरी कानशिलं तापतात. त्याच आठवड्यात मी आप्पांना स्टेशनजवळच्या लॅबमध्ये नेऊन रक्त काढवलं. साखर अगदी नॉर्मल. उपाशीपोटी नॉर्मल, जेवून नॉर्मल. तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "लॅबची चूक असेल. पथ्य चालू ठेवा." मी तो कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. माझ्या आयुष्यातला तो पहिला उद्धटपणा, आणि त्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही.

कामत मॅडमनी मला ते सगळं माझ्याच वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. धूर फुप्फुसातून रक्तात जातो, रक्तातून यकृतात. यकृत एक छोटंसं प्रथिन बनवतं, मेटॅलोथायोनिन. त्याच्यात गंधक ठासून भरलेला असतो, आणि गंधक कॅडमियमला असा घट्ट धरतो की तो धातू तेवढ्यापुरता गप्प बसतो. पण हे प्रथिन इतकं लहान की ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज खाली उतरतं. गाळणीच्या पुढे बारीक नळ्या असतात, त्या कामाच्या वस्तू पुन्हा आत ओढून घेतात. त्यांत हेही आत जातं. आत गेल्यावर प्रथिन मोडतं आणि धातू सुटतो. मग मूत्रपिंडाच्या पेशी स्वतः तेच प्रथिन तयार करून त्याला पुन्हा बांधतात. असं वर्षानुवर्षं चालतं. धातू शरीराबाहेर जवळजवळ जातच नाही. एक दिवस बांधायला प्रथिन पुरेनासं होतं आणि सुटा धातू त्या नळ्यांच्या पेशी मारायला लागतो. नळ्या बिघडल्या की जे परत ओढून घ्यायचं ते वाहून जातं. साखर जाते, बारीक प्रथिनं जातात, हाडांना लागणारे क्षार जातात. "म्हणजे रक्तात साखर ठीक आणि लघवीत साखर," मॅडम म्हणाल्या. "गळती आहे ती. मधुमेह नव्हे."

हे मी अनेकदा सांगितलं आहे, आणि एकदा एका कवीमित्रानं डोळे मिटून म्हटलं, "किती निष्ठावान प्रथिन! अगदी तुझ्या वडिलांसारखं." मी त्याला म्हटलं, बाबा रे, गंधकाला निष्ठा नसते. तो धरतो कारण त्याला धरल्याशिवाय राहवत नाही. आणि माझ्या बापाच्या किडन्यांवर कविता करू नकोस.

मॅडम म्हणाल्या, वडिलांची लघवी घेऊन ये, आपण बघू. इथे मी लबाडी केली. आप्पांना खरं सांगितलं तर ते दळवीला विचारतील, दळवी गोड बोलून त्यांची समजूत काढेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी सांगितलं की कॉलेजात प्रॅक्टिकल आहे, सगळ्यांनी घरून नमुना आणायचा आहे. आप्पा लाजले. "आईची ने की," म्हणाले. मी म्हटलं, पुरुषाचीच हवी. मग त्यांनी बाटली दोनदा उकळत्या पाण्यानं धुतली, भरून दिली, वर कागद गुंडाळला आणि विचारलं, "मार्क मिळतील ना?"

प्रयोगशाळेत आम्ही दोन परीक्षानळ्या घेतल्या. आधी पट्टी बुडवली, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्यासारखीच. साखरेचा चौकोन रंगला, प्रथिनाचा जवळजवळ कोराच राहिला. पट्टीला मोठं प्रथिन कळतं, बारीक कळत नाही. मग मॅडमनी दुसऱ्या नळीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब सोडले. स्वच्छ पिवळी लघवी बघता बघता पांढरी झाली, तांदळाच्या धुवणासारखी. मागे धरलेलं छापील पान वाचता येईना. मी आनंदाने ओरडले. खरंच ओरडले, प्रयोग जमला म्हणून. मग मॅडमचा चेहरा पाहिला.

"शैला, हे निदान नाही," त्या म्हणाल्या. "मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात ने त्यांना. मी चिठ्ठी देते. आणि आधी घरी नीट बोल त्यांच्याशी."

नीट बोलण्याचा माझा तेव्हा स्वभाव नव्हता. चार दिवसांवर दसरा होता. दसऱ्याला गाळ्यात हत्यारांची पूजा असायची. कामगारांच्या घरच्यांना बोलावणं, पेढे, फरसाण. ज्योतीच्या नळकांड्यांना झेंडूच्या माळा, गॅसच्या टाक्यांना कुंकवाची बोटं, आणि एका पाटावर काड्यांची ती खोकी हळदकुंकू लावून मांडलेली. भटजी नारळ फोडत होते. आप्पा धुतलेला पांढरा सदरा घालून दळवीच्या शेजारी उभे होते, कारण तेच सर्वांत जुने. मी आत शिरले तेव्हाच दळवीनं हाक दिली, "काय गो कॉलेजकुमारी, काय शिकवतात हल्ली?"

"विष ओळखायला शिकवतात," मी म्हटलं, आणि पाटावरचं खोकं उचलून त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. मग सगळं सांगितलं. धूर, किडन्या, वास, दात, आणि ती पांढरी झालेली नळी. "आप्पांची लघवी मी स्वतः तपासली," असं म्हणाले. मला वाटत होतं मी फार शूर आहे. पाचही कामगार, त्यांच्या बायका, भटजी, सगळे माझ्याकडे आणि मग आप्पांकडे बघायला लागले.

दळवी हसला. "अगो, मी पंधरा वर्षं ह्याच धुरात काढली. मला काय झालं?"

"तुम्ही तपासलंय?"

"मला काय धाड भरलीय तपासायला?" तो म्हणाला आणि आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "गणपत, पोरीला शिकवलंस ते बरं केलंस. आता ती चारचौघांत तुझं मूत वाचून दाखवते."

दोघंतिघं हसले. आप्पांची मान खाली होती. त्यांनी पांढऱ्या सदऱ्याची बाही उगाच सरळ केली आणि मला म्हणाले, "शैला, घरी जा."

त्यानंतर कितीतरी महिने आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. एका खोलीत राहून न बोलणं ही मोठी कसरत असते. "तिला सांग, पंखा बंद करायला," असं ते आईला सांगायचे. मी पंख्याखालीच बसलेली असायचे. कामावर जाणं चालूच होतं. मीही हट्टानं तोंड उघडलं नाही. माझं खरं ठरलं होतं ना, मग मी कशाला नमू!

एका रविवारी बस्त्यावकाका आले. आप्पांच्या शेजारच्या टेबलावर काम करायचे, भुईगावचे, घरी केळीची छोटी वाडी. चर्चमधली मिस्सा करून थेट आले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. आईनं "कशाला हो आणलंत एवढं" म्हणत ती ओट्यावर नेऊन ठेवली आणि आत हात घातला.

"वहिनी, केळी तुमची," बस्त्यावकाका घाईघाईनं उठत म्हणाले. "ती बाटली नको. ती शैलाबायची."

जॅमची बाटली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आईनं ती जिथल्या तिथे ठेवून हात दोनदा साबणानं धुतले. काका खाली मान घालून म्हणाले, "बाय, माझीपन बघ. खोकलो तरी बरगडीत चमक मारते. हाडाच्या डॉक्टरनं पट्टा दिला. पट्ट्यानं काय होत नाही. त्या दिवशी मी हसलो होतो, ते मनात नको ठेवू."

आप्पा पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पान उलटत नव्हते.

बस्त्यावकाकांची नळी आप्पांच्या नळीहून पांढरी झाली. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आप्पा आईला म्हणाले, "तिला विचार, बस्त्यावचं काय आलं."

"तुम्हीच विचारा की तिला, तोंड आहे ना," आई भडकली. मग माझ्याकडे वळली. "काय आलं गो?"

मी सांगितलं. आप्पांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दळवीकडून गुरुवारची रजा मागून घेतली, स्वतःची आणि बस्त्यावकाकांची.

मुंबईच्या हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर हा मला भेटलेला पहिला डॉक्टर, ज्यानं पेशंटला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" आप्पांना हे विचारणारं कुणी भेटलंच नव्हतं. त्यांनी त्याला नळी कशी तापवायची, काडी कधी टेकवायची, सगळं हातवारे करून समजावलं; बाहेर रांग खोळंबली होती आणि तो ऐकत होता. मग तपासण्या झाल्या, महिनाभरानं कागद आले. दोघांच्याही किडन्यांच्या नळ्या बिघडलेल्या, लघवीत धातू भरपूर. मधुमेह नाही.

"औषध काय घ्यायचं?" आप्पांनी विचारलं.

"औषध नाही, काका. धातू जबरदस्तीनं काढायला गेलं तर जाताना तो किडनीलाच आणखी मारतो. त्या धुरात पुन्हा जायचं नाही, एवढंच."

"मग कमी होईल?"

"वाढायचं थांबेल, कदाचित."

आप्पांनी कागदांची नीट घडी घातली. मग हळूच म्हणाले, "आणि भात?"

डॉक्टरला प्रश्नच कळला नाही. "भाताचं काय? खा की."

आमच्याबरोबर आलेल्या आईनं त्या दुपारी घरी येऊन चप्पलही नीट काढली नाही, आधी तांदूळ धुतले. पहिली वाफ आली तशी ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. इतके महिने खिसे तपासले म्हणून.

पुढचं मी पाहिलेलं नाही, बस्त्यावकाकांनी सांगितलेलं आहे. दुसऱ्या दिवशी आप्पा वेळेवर गाळ्यात गेले. हॉस्पिटलचे कागद दळवीच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले की आता आम्ही दोघं झाळ मारणार नाही. दळवीनं कागद न बघता सुरुवात केली: मुंबईचे डॉक्टर घाबरवतात, पोरीनं तुझं डोकं फिरवलं, आपल्या माणसांनीच असं केलं तर कसं, धुरानं काही होत नाही. आप्पांनी ऐकून घेतलं. मग आपल्या टेबलावरचं ज्योतीचं नळकांडं न पेटवताच आणून त्याच्या हातात दिलं, एक काडी दिली, आणि बाकीच्यांना म्हणाले, "शटर अर्धं ओढा रे. पंखा बंद करा." आणि दळवीला म्हणाले, "नाही ना होत काही? मग आजचा दिवस तू बस. मी बाहेर चहा पितो. संध्याकाळी आम्ही सगळे पुन्हा कामाला लागतो, आजन्म."

दळवी नळकांडं हातात धरून उभा राहिला. "माझा आता हात बसलेला नाही, गणपत."

"पंधरा वर्षं केलंस. हात जात नाही."

दळवीनं खिशातून लायटर काढला, परत ठेवला. मग नळकांडं टेबलावर ठेवून कुणाला तरी फोन करायचा आहे म्हणून बाहेर गेला, तो दुपारपर्यंत आला नाही. पाचही जणांनी आपापले डबे उचलले आणि तेही बाहेर पडले. आप्पांनी कुणाला चला म्हटलं नव्हतं.

आठवडाभर शटर खाली होतं. शेजारच्या गाळ्यांतले कारागीरही त्या काड्यांना हात लावेनात, तेव्हा कुठे दळवीनं बिनकॅडमियमच्या काड्या मागवल्या, धूर ओढणारा पंखा बसवला आणि पुढच्या वर्षी त्या पंख्याच्या फोटोसकट कॅलेंडर छापून घरोघर वाटलं. खाली वाक्य होतं: कामगारांचे आरोग्य हेच आमचे धन. आमच्याही घरी एक पाठवलं. आईनं त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडले. दळवीनं स्वतःची लघवी शेवटपर्यंत तपासली नाही, असं ऐकते. तपासली असती तरी आमच्या गल्लीतल्याच डॉक्टरांकडे तपासली असती, पट्टीवर.

आप्पा एका हार्डवेअरच्या दुकानात लागले. नळ, वायसर, तांब्याचे बेंड विकायचे. किडन्या रडतखडत चालत राहिल्या, हाडं दुखत राहिली, वास काही परत आला नाही. बस्त्यावकाका वाडीत रमले, पण ते आप्पांच्या आधी गेले.

आमचा अबोला सुटला तो असा काही ठरवून नाही. परीक्षा संपून मला लॅबमध्ये नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा दिवे लागायचे होते. आप्पा ओट्यापाशी वाकून गळक्या नळाचं वायसर बदलत होते. मागे न बघता त्यांनी हात पुढे केला, मी पाना दिला. जुनं वायसर काढून टाकत ते म्हणाले, "दसऱ्याला तू बोललीस ते खोटं नव्हतं."

मी वाट बघत राहिले. मला वाटलं, आता शाबासकी येणार. मी ती घ्यायला अगदी तयार होते.

"पण तू दळवीला सांगितलंस," ते नळ आवळत म्हणाले. "बस्त्यावला सांगितलंस, त्यांच्या बायकांना सांगितलंस, नारळ फोडणाऱ्या भटजीला सांगितलंस." मग वळले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "आधी मला सांगायचं होतंस. लघवी माझी होती गो."